नदी सरकारची, पूर आपला

(चिपळूणमध्ये झालेल्या नागरिक मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यात नोकरी करतो, घर इथलं, पेठमापचं. भाषण करायची सवय नाही, म्हणून मुद्दे कागदावर लिहून आणले आहेत. वाचताना मान खाली गेली तर सांभाळून घ्या.

सुरुवात एका माणसापासून करतो. त्याची गोष्ट तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या एसटी आगारात पाणी शिरलं, तेव्हा आगाराचे व्यवस्थापक तिथेच होते. आगारात जवळपास नऊ लाखांची रोकड होती. ती त्यांनी बरोबर घेतली, पाण्यात उभ्या असलेल्या एसटीच्या टपावर चढले आणि पावसात कित्येक तास तिथेच बसून राहिले. पैसा महामंडळाचा, म्हणजे लोकांचा. तो त्यांच्या ताब्यात होता. वाहून गेला असता तर उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं.

त्याच दिवशी या शहरातल्या दुकानांतून आणि घरांतून कोट्यवधींचा माल वाहून गेला. ज्या नदीतून ते पाणी आलं, तिचा तळ हीसुद्धा सरकारी मालमत्ताच आहे. नऊ लाखांच्या रोकडीसमोर एका माणसाचं नाव लिहिलेलं होतं. नदीच्या तळासमोर कोणाचं नाव होतं? आज मला एवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

आपली देग आणि आपला हिशेब

त्या रात्री मी घरीच होतो. कोविडचा काळ, घरून काम चालू. पहाटे अब्बांनी उठवलं तेव्हा पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतं. लॅपटॉप, आईची औषधं आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन आम्ही माळ्यावर गेलो. थोड्या वेळानं मोबाइलची रेंज गेली. मग फक्त आवाज येत होते: पाण्याचे, सिलिंडर भिंतीवर आपटण्याचे, कुठून तरी हाका मारणाऱ्या माणसांचे.

बाजारपेठेत अब्बांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं, तर तांब्याच्या तारेची रिळं, ग्राहकांच्या मोटारी, वह्या, सगळं एका रंगाचं झालं होतं. गाळाच्या. पुढचे तीन महिने अब्बांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, कारण गावातला प्रत्येक पंप जळलेला होता. लोकांच्या मोटारी आधी भरून दिल्या, स्वतःचं दुकान दिवाळीनंतर लावलं.

त्या दिवसांत आपल्या लोकांनी काय केलं ते तुम्ही पाहिलं आहे. जमातींनी देगा चढवल्या, पोरांनी होड्या घातल्या, मशिदीत आणि मदरशात ज्याला यायचं तो आला, कोणी नाव विचारलं नाही. शेजारच्या मंडळांनीही तेच केलं. याचा अभिमान मला आहे. पण २००५ च्या २६ जुलैलाही आपण हेच केलं होतं. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, बादल्यांनी चिखल उपसत होतो. सोळा वर्षांनी परत तोच चिखल, त्याच बादल्या. उद्या माझा मुलगा सोळा वर्षांचा होईल.

मदत आपल्याला जमते. पूर यायच्या आधी हिशेब मागणं आपल्याला जमत नाही. आणि मदत कितीही मोठी असली तरी तिच्यानं नदीचा तळ एक इंचही खाली जात नाही.

मालक कोण?

आधी कायदा पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्या कलम २० मध्ये लिहिलं आहे की, दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नसतील ते सगळे रस्ते, नद्या, ओढे, नाले, खाड्या आणि त्यांचे तळ ही राज्य शासनाची मालमत्ता. कलम ४८ म्हणतं, जमिनीतल्या खनिजांवर हक्क शासनाचा. म्हणजे तुम्ही उद्या टोपली घेऊन वाशिष्ठीतली वाळू काढायला गेलात तर तलाठी विचारेल, परवाना कुठे आहे? बरोबरच आहे, विचारलंच पाहिजे. नदी कोणीही ओरबाडून न्यावी अशी वस्तू नाही.

पण मालकी म्हणजे नुसतं 'हात लावू नका' एवढंच का? माझ्या घराची भिंत शेजाऱ्याच्या अंगणात पडली तर दुरुस्ती मला करावी लागते. मग सरकारच्या नदीतला गाळ माझ्या अब्बांच्या दुकानात आला तर?

आता वाशिष्ठीचे मालक मोजू या. तळ महसूल विभागाचा. पूरनियंत्रणाचं काम जलसंपदा विभागाचं. वर सह्याद्रीतलं जंगल वन विभागाचं. कोयनेची वीज तयार करून झाल्यावर जे पाणी कोळकेवाडीहून वाशिष्ठीच्या खोऱ्यात येतं, त्याचा कारभार जलसंपदा आणि महानिर्मिती यांच्यात वाटलेला. पूल सार्वजनिक बांधकाम नाहीतर महामार्गवाल्यांचे, रेल्वेचे रेल्वेकडे. खाली दाभोळच्या खाडीकडे गेलं की सागरी मंडळ येतं. शहरातली गटारं आणि नाले नगरपरिषदेचे. नदी एक, तिचं पाणी एक, आणि टेबलं सात-आठ.

यातलं सगळ्यात छोटं टेबल नगरपरिषदेचं, आणि आपण सगळे ओरडायला तिथेच जातो. राज्यघटनेची बारावी अनुसूची काढून पाहा. ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिथे दिले आहेत. रस्ते आहेत, पाणीपुरवठा आहे, अग्निशमन आहे, कोंडवाडाही आहे. नदी नाही. पूरसंरक्षण नाही. जलनिस्सारण आणि बांधबंधारे राज्यसूचीत, १७ व्या नोंदीत आहेत. म्हणजे ज्याच्या दारात पाणी येतं त्या नगरपरिषदेकडे नदीचा अधिकार नाही, आणि ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांच्या दारात पाणी येत नाही. त्यात २०२२ नंतर कित्येक वर्षं राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. वॉर्डातल्या माणसाला हाक मारायला नगरसेवकसुद्धा उरला नव्हता.

पूररेषेचं बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा आखणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. इंजिनिअर म्हणून मला ती हवीच आहे. नदीच्या पात्रात घर बांधू नये हे आपणही पाळलं पाहिजे, आपल्यातल्या बिल्डरांनीही पाळलं पाहिजे. पण इथे लोकांनी विरोध केला तो का, हे समजून घ्या. सरकार माझ्या सातबाऱ्यावर रेषा मारतं आणि सांगतं, इथे पाणी येणार आहे, बांधू नको. मी मान्य केलं. मग सरकारच्या स्वतःच्या तळावर एक तिसरी रेषा मारा ना. गाळ या पातळीच्या वर गेला की काढायचा, आणि तो अमुक अधिकाऱ्यानं काढायचा, अशी.

माणूस कोण?

माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, बांधकाम खात्यात मैलकुली होते. तरुण मुलांना हा शब्द माहीत नसेल. रस्त्याचा एक तुकडा एका माणसाच्या ताब्यात असायचा. दादांकडे कुंभार्ली घाटाच्या वाटेवरचा तुकडा होता. फावडं, घमेलं, कोयता. मे महिन्यात ते आपल्या हद्दीतली प्रत्येक मोरी वाकून बघायचे, आत झाडोरा अडकला असेल तर काढायचे, रस्त्याकडेची गटारं उपसायचे. मुकादम येऊन हजेरीपत्रकावर खूण करायचा. पगार किती होता विचारू नका. पण 'त्या वळणावरची मोरी कोणाची?' असं विचारलं तर उत्तर होतं. माझ्या दादांची.

ते निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. असं हजारो मैलकुलींच्या बाबतीत झालं. माणूस निवृत्त होतो आणि त्याच्याबरोबर पदही जातं. सरकारी भाषेत 'पद व्यपगत झालं' म्हणतात. कोणाला काढलं नाही, मोर्चा निघाला नाही, बातमी झाली नाही. फक्त मोरीकडे वाकून बघणारा माणूस नाहीसा झाला. आज ते काम ठेक्यानं होतं. ठेकेदाराची माणसं वाईट असतात असं नाही, पण ठेका संपला की त्यांच्या डोक्यातली मोरीची माहितीही त्यांच्याबरोबर जाते.

मी ज्या क्षेत्रात आहे तिथली एक साधी पद्धत सांगतो. आमच्याकडे प्रत्येक सर्व्हरला, प्रत्येक प्रोग्रॅमला एक मालक टीम असते. रात्री दोन वाजता काही बंद पडलं तर कोणाचा फोन वाजणार, तो नाही उचलला तर पुढचा फोन कोणाचा, हे आधीच लिहिलेलं असतं. लोकांना ऑनलाइन कपडे विकणाऱ्या वेबसाइटसाठी आम्ही एवढं करतो. माणसांच्या डोक्यावर पाणी साठवणाऱ्या धरणासाठी काय असतं?

तिवऱ्याची आठवण काढतो. २ जुलै २०१९ ची रात्र, आपल्याच तालुक्यातली. धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं वाहून गेली. धरणाला गळती आहे, ही तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तक्रार होती, धरण होतं, खातं होतं. ती तक्रार हातात घेऊन 'आता हे माझं' म्हणणारा माणूस वेळेत उभा राहिला नाही. नंतर त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. खेकडे मातीत बिळं करतात हे कोकणातल्या पोरालाही माहीत आहे. म्हणून तर बांधावर रोज फिरणारा माणूस लागतो.

सरकारची रिक्त पदं राज्यात लाखांत मोजली जातात. ती भरण्याऐवजी सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी माणसं घेण्याचा शासन निर्णय निघाला. तरुणांनी राज्यभर विरोध केला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. तेव्हा आपण त्याकडे नोकऱ्यांचा प्रश्न म्हणून पाहिलं. तो पुराचाही प्रश्न होता. अकरा महिन्यांच्या करारावरचा इंजिनिअर एकच पावसाळा पाहतो. नदी समजायला दहा लागतात.

माझी चूक

आता माझा अनुभव. पुरानंतर मला फार राग आला होता. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा तिकीट लावून. प्रश्न लिहिला, 'चिपळूणच्या पुराला जबाबदार कोण?' उत्तर आलं, 'सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.' मी संतापलो, मित्रांना दाखवत फिरलो. नंतर कायदा नीट वाचला तेव्हा कळलं की चूक माझी होती. या कायद्यात नोंदी मिळतात, मतं मिळत नाहीत.

दुसरा अर्ज गाळाबद्दल. तो एका कार्यालयानं कलम ६(३) खाली दुसऱ्याकडे वर्ग केला. दुसऱ्यानं कळवलं, विषय आमचा नाही. दोन्ही पत्रं मी जपून ठेवली आहेत.

तिसऱ्या अर्जात मी तीनच गोष्टी मागितल्या. एक, या नदीसाठी जबाबदार असलेल्या शाखेत मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती. दोन, पूरनियंत्रणाच्या लेखाशीर्षाखाली गेल्या तीन वर्षांत तरतूद किती, खर्च किती. तीन, पावसाळ्यापूर्वीची पाहणी कोणत्या तारखेला झाली आणि अहवालावर सही कोणाची. या वेळी उत्तर आलं. एकच पान होतं. पण त्यातला 'रिक्त' हा रकाना वाचल्यावर मला कळलं की मी कोणावर ओरडत होतो. बहुतेक वेळ रिकाम्या खुर्चीवर.

ते पान घेऊन मी कार्यालयात गेलो. तिथे एक कनिष्ठ अभियंता भेटला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. त्याच्याकडे स्वतःची शाखा होती आणि आणखी दोन शाखांचा अतिरिक्त कार्यभार. त्यानं टेबलाच्या खणातून एक वही काढून दाखवली. पुलाजवळच्या मोजपट्टीवरची पाण्याची पातळी, तारीख, वेळ, स्वतःच्या अक्षरात. मध्ये काही दिवस कोरे होते. मी विचारलं, हे कोरे का? तो म्हणाला, 'यातले काही दिवस निवडणुकीचं काम होतं, काही दिवस कोर्टाचं प्रतिज्ञापत्र. आणि हे दोन दिवस तुमच्या अर्जाचं उत्तर तयार करत होतो, साहेब.'

मला काय बोलावं सुचेना. मी नदीवर लक्ष ठेवायला निघालो होतो, आणि नदीवर जाणारा एकुलता एक माणूस मी दोन दिवस कार्यालयात बसवून ठेवला होता. म्हणून अर्ज करू नये असं नाही. हा कायदा लोकांनी लढून मिळवलेला आहे. खरं म्हणजे कलम ४ प्रमाणे अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी आणि अंदाजपत्रक प्रत्येक कार्यालयानं न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचं असतं. तसं केलं तर त्या पोराचे दोन दिवस वाचतील. पण त्या दिवसापासून मी 'अधिकारी निकम्मे आहेत' हे वाक्य बोलणं सोडलं. काही असतीलही. पण एका माणसावर तीन माणसांचं काम टाकायचं, आणि तो चुकला की त्याला निलंबित करायचं, यानं गाळ निघत नाही.

पैसा कुठे असतो?

तिसरा मुद्दा पैशाचा. इथे थोडा कंटाळा येईल, पण आकडे तीनच आहेत, लक्षात ठेवा.

सरकारच्या अंदाजपत्रकात प्रत्येक खर्चाला एक क्रमांक असतो. २२४५ म्हणजे नैसर्गिक आपत्तीनंतरची मदत. २७११ म्हणजे पूरनियंत्रण आणि जलनिस्सारण, यात देखभालीसारखा चालू खर्च येतो. ४७११ म्हणजे पूरनियंत्रणाची मोठी, कायमची कामं. पूर आल्यावर टीव्हीवर दिसतो तो पैसा २२४५ चा. पूर येऊ नये म्हणून लागतो तो २७११ आणि ४७११ चा. त्याचा फोटो निघत नाही, कारण न आलेल्या पुराचा फोटो काढता येत नाही.

३ ऑगस्ट २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळानं पूरग्रस्तांसाठी ११,५०० कोटींचं पॅकेज मंजूर केलं. त्यात १,५०० कोटी मदतीचे, ३,००० कोटी पुनर्बांधणीचे आणि सगळ्यात मोठा भाग, ७,००० कोटी, आपत्तीची झळ कमी करण्याच्या कामांसाठी. मदत बऱ्याच जणांना मिळाली. अब्बांनाही मिळाली, मी नाकारत नाही. प्रश्न त्या तिसऱ्या आकड्याचा. त्यातलं वाशिष्ठी आणि शिवनदीच्या वाट्याला काय आलं, कोणत्या कामाला, कोणत्या वर्षी? या सभागृहात किती जणांनी हे विचारलं? हात वर करा. मीसुद्धा दोन वर्षं विचारलं नव्हतं.

विचारणारे होते, त्यांचं नाव घेतलं पाहिजे. चिपळूण बचाव समितीनं डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण सुरू केलं. सगळ्या धर्मांची, सगळ्या पक्षांची माणसं थंडीत मंडपात बसली. मागणी साधी होती, गाळ काढा. त्यानंतर निधी हलला, जलसंपदाची यंत्रं आली, नाम फाउंडेशननं हात दिला, आणि टप्प्याटप्प्यानं लाखो घनमीटर गाळ निघाला. नदीचा तळ हा राजकीय प्रश्न होऊ शकतो, हे या गावानं दाखवून दिलं आहे. पण उपोषणानं मिळालेला पैसा एकदाच मिळतो. गाळ दर पावसाळ्यात येतो.

केंद्राचं बघा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्तीनिधीतला २० टक्के वाटा सौम्यीकरणासाठी, म्हणजे आधीच करायच्या कामांसाठी, वेगळा ठेवायला सांगितला. ही चांगली गोष्ट झाली. शहरांतल्या पुरासाठी आणखी २,५०० कोटी सुचवले, पण ते सात शहरांसाठी: मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे. मी पुण्यात राहतो तेव्हा त्या यादीत असतो, ईदला घरी आलो की यादीबाहेर जातो. चिपळूण, महाड, खेड, राजापूर या गावांना दुसरा दरवाजा शोधावा लागतो. एक दरवाजा जवळच आहे, जिल्हा नियोजन समिती. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत पाटबंधारे आणि पूरनियंत्रण हा स्वतंत्र विषय असतो. पालकमंत्री अध्यक्ष असतात. तिथे मागणी जाते ती वर्षअखेरीच्या आधी. आपण निवेदन देतो जुलैमध्ये, गुडघाभर पाण्यात उभं राहून.

दोन शंका

काही जण म्हणतात, गाळ काढला की पूर थांबेल का? नाही. २०२१ ला पाऊस अफाट पडला होता. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत येतं आणि नदीचं पाणी बाहेर जाऊ देत नाही. सह्याद्रीवरची झाडं तुटली, रस्ते-बांधकामासाठी डोंगर कापले, ती माती खाली येणारच. काढलेला गाळ काठावरच रचून ठेवला तर पुढच्या पावसात तो परत पात्रात येतो. आपल्या बाजूला उंच भिंत बांधली तर पाणी समोरच्या मोहल्ल्यात जातं, म्हणून भिंतीची मागणीही विचार करून करावी. गाळ काढल्यानं पाण्याची पातळी थोडी खाली येते, आणि माणसाला माळ्यावर चढायला वेळ मिळतो. ज्यानं ती रात्र काढली आहे त्याला या थोड्याची किंमत माहीत आहे.

दुसरी शंका आपल्या घरातली. आपले प्रश्न कमी आहेत का, दाखले आहेत, शिष्यवृत्ती आहे, वक्फ आहे, मग हे नदीचं कशाला? मी एवढंच म्हणेन की, हे सगळे प्रश्न विचारताना आपण मुसलमान म्हणून उभे राहतो आणि समोरचा आधी आपलं नाव बघतो. नदीचा हिशेब मागताना आपण चिपळूणकर म्हणून उभे राहतो. करदाते म्हणून. तो हक्क वापरला नाही तर तो गंजतो.

काय करायचं?

फार मोठं काही सांगत नाही. चार कामं आहेत.

पहिलं, प्रत्येक मोहल्ल्यानं आपल्या नाल्याचा आणि नदीच्या तुकड्याचा एक कागद करावा: मालक कोणतं खातं, अधिकारी कोण, फोन कोणता. तो मशिदीच्या, मंदिराच्या, शाळेच्या फळ्यावर लावावा. मी त्याचा नमुना तयार केला आहे, जाताना घेऊन जा.

दुसरं, दर वर्षी एकच अर्ज, सगळ्यांनी मिळून. पदं, तरतूद, पाहणी. शंभर जणांनी शंभर अर्ज टाकू नका. त्या कनिष्ठ अभियंत्याची वही आठवा.

तिसरं, जिल्हा नियोजन समितीकडे मागणी दिवाळीनंतर लगेच, लेखाशीर्षासह. 'गाळ काढा' एवढंच लिहू नका. 'दर वर्षी काढण्यासाठी २७११ खाली कायम तरतूद करा आणि त्यासाठी रिक्त पद भरा' असं लिहा. यंत्राबरोबर माणूसही मागा.

चौथं, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपण स्वतः पाहणीला जाऊ. फावडी घेऊन जायचं नाही, ते काम पगारी माणसाचं आहे. डोळे आणि मोबाइल घेऊन जायचं. तारीख आणि वेळेसह फोटो काढायचे आणि संबंधित कार्यालयाला द्यायचे, पोच घेऊन.

शेवटी अब्बांचं सांगतो आणि थांबतो. त्यांचं वय आता सत्तरच्या पुढे गेलंय. दुकान विकून पुण्याला या म्हटलं तर ऐकत नाहीत. दर वर्षी मृग लागला की तारेची रिळं वरच्या फळीवर चढवतात आणि मला फोन करून विचारतात, 'गाळ काढला का रे?' जसा काही मी मंत्रालयात बसतो. इतकी वर्षं मी 'काढतायत' म्हणून फोन ठेवत होतो. या वर्षी मी त्या मागण्यांची प्रत त्यांना वाचून दाखवली. माणूस मागितला आहे, हे ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'तुझे दादा असते तर म्हणाले असते, त्याला आधी फावडं द्या. आणि हद्द नेमून द्या.'

हद्द नेमून द्या. मागणी तेवढीच आहे.